घरची बिअर आणि वर्षाचें चक्र
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



ह्या व्याख्यानासाठीं विषय निवडण्याचें काम महोत्सव-मंडळानें आम्हांवरच सोपविलें होतें. आम्हीं जो विषय कळविला तो ऐकून कांहीं वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडल्या, आणि त्या अद्यापि पूर्णपणें मावळलेल्या नाहींत हें आम्हांस येथून दिसत आहे. देवळाच्या महोत्सवांत बिअरवर व्याख्यान! ज्या व्यसनानें गांवोगांवच्या कित्येक घरांचे वांसे मोडले, शेतें गहाण पाडलीं, आयाबहिणींच्या डोळ्यांचें पाणी खळूं दिलें नाहीं, त्याचेंच गुणगान करण्यास का ही सभा भरली आहे? आक्षेप रास्त आहे, व त्याचें उत्तर दिल्यावांचून पुढें जाणें उचित होणार नाहीं.

उत्तर असें, कीं दुकानांत बाराही महिने मिळणाऱ्या मद्याविषयीं आम्हांस कांहींच सांगावयाचें नाहीं. युरोपांतील कॅथलिक कुटुंबांनीं, खेड्यांनीं व मठांनीं आपल्या हातांनीं, वर्षाच्या नेमक्या ऋतूंत, त्या त्या ऋतूची म्हणून जी बिअर शेंकडों वर्षें केली, तिच्याविषयीं आम्ही बोलणार आहों. ह्या बिअरला पंचांग होतें. तें पंचांग जितकें थंडी-उन्हाळ्याचें, तितकेंच आपल्या पवित्र सभेच्या सणांचें व उपासांचें होतें. मर्यादा नुसत्या उपदेशानें पाळली जात नाहीं. ती ऋतूनें, श्रमानें, सणानें आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांनीं पाळली जाते, हें ह्या इतिहासांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें फार थोड्या ठिकाणीं दिसत असेल. आणखी एक गोष्ट आरंभींच सांगून टाकतों. आपल्या राज्यांत १९४९ च्या दारूबंदी कायद्याअन्वयें परवान्यावांचून घरीं मद्य तयार करणें हा गुन्हा आहे. तेव्हां हें व्याख्यान ऐकून कोणी घरीं पातेलें चढवूं नये, आणि चढविल्यास पोलीस-पाटलापुढें आमचें नांव सांगूं नये.

ज्या बव्हेरिया देशाविषयीं आम्ही पुष्कळ बोलणार आहों, तो व त्याच्या आसपासचा जर्मन मुलूख आपणांस अगदींच परका नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई प्रांतांत काम करण्यास जे येशूसंघीय धर्मगुरु आले ते बहुतेक जर्मन भाषा बोलणारे होते. मुंबईचें सेंट झेवियर कॉलेज १८६९ सालीं त्यांनींच स्थापिलें, आणि १९०३ सालीं 'निरोप्या' मासिक सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग हेही जर्मनच. त्यांच्या मायदेशीं बिअर हें मद्यापेक्षां अन्नाच्या पंक्तींत अधिक बसे.

आतां बिअर होते कशी, हें थोडक्यांत सांगणें भाग आहे. कारण तें कळल्यावांचून ऋतूचा संबंध ध्यानांत येणार नाहीं. जव भिजवून त्यास मोड आणावयाचे, मोड आलेला जव भट्टींत वाळवावयाचा, म्हणजे त्याचा माल्ट झाला. तो भरडून सुमारें पांसष्ट अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेवला कीं दाण्यांतील पिष्टाची साखर होते. तें गोड पाणी गाळून घेऊन त्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें घालून तासभर उकळावयाचें, निववावयाचें, आणि मग त्यांत खमीर सोडावयाचें. फुग्यांच्या पिठांत ताडी घालून तें रात्रभर झांकून ठेवणाऱ्या आपल्या गृहिणींस पुढील चमत्कार समजावून सांगण्याची गरज नाहीं. खमीर साखर खातें, व तिचा वायु आणि मद्यार्क करून टाकतें. हॉपच्या फुलांनीं पेय टिकतें, हें बाराव्या शतकांत बिंगेनच्या संत हिल्डेगार्डनें आपल्या औषधिवनस्पतींच्या ग्रंथांत नमूद केलें आहे. ह्याच मठाधिपति साध्वीस २०१२ सालीं पवित्र सभेनें आचार्यपद दिलें.

खमिराच्या दोन मुख्य जाति आहेत. एक वीस अंशांच्या आसपास उबेंत काम करतें, चार-सहा दिवसांत आटोपतें, आणि काम चालूं असतां पेयाच्या पृष्ठभागीं फेस होऊन चढतें. दुसरें आठ-दहा अंशांच्या थंडींत सावकाश काम करतें, तळाशीं बसतें, आणि मग पेय आठवड्यांमागून आठवडे गारठ्यांत निजवून ठेवावें लागतें. ह्या थंडीच्या खमिराचें कूळ शोधीत गेलेल्या शास्त्रज्ञांस त्याचा एक पूर्वज २०११ सालीं दक्षिण अमेरिकेंतील पॅटागोनियाच्या जंगलांत सांपडला! परंतु जुन्या लोकांस ह्यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. खमीर हा सजीव पदार्थ आंबण्याचें काम करतो हें लुई पाश्चर ह्यांनीं दाखवून दिलें, आणि त्यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ सालचा. तोंपर्यंत घरच्या बाईस व मठांतील ब्रदरास एवढेंच कळे, कीं थंडींत केलेली बिअर टिकते आणि उन्हाळ्यांत केलेली नासते. हवेंतले आंबट जंतु उन्हाळ्यांत उघड्या भांड्यांवर तुटून पडतात, हें कारण. पण कारण न कळतांही नियम अचूक होता. आपली ताडी पाहा ना: सकाळीं गोड, दुपारीं आंबट. उष्ण देशांत तिला तळघर नाहीं, म्हणून तिला उद्यांही नाहीं.

बव्हेरियांत ह्या अनुभवाचा कायदाच झाला. १५५३ सालच्या राजाज्ञेनें ठरलें, कीं बिअर करावयाची ती संत मिखाएल देवदूताच्या सणापासून, म्हणजे २९ सप्टेंबरपासून, संत जॉर्जच्या सणापर्यंत, म्हणजे २३ एप्रिलपर्यंत. उरलेले पांच महिने भट्टी बंद. पेय नासून लोक आजारी पडूं नयेत हा एक हेतु. आणि लांकडी छपरांच्या दाट वस्तींत कडक उन्हाळ्यांत मोठ्या भट्ट्या पेटत्या ठेवणें म्हणजे आगीस आमंत्रण, हा दुसरा. हा नियम १८५० पर्यंत, जवळजवळ तीनशें वर्षें, पुस्तकांत राहिला. त्याहून जुना १५१६ सालचा इंगोलश्टाटचा प्रसिद्ध कायदा आहे. जव, हॉप व पाणी ह्यांवांचून बिअरमध्यें दुसरें कांहीं घालूं नये, एवढ्यासाठींच तो लोकांस माहीत असतो. परंतु त्याचा आरंभ दरांनीं होतो, आणि आम्हांस तोच भाग अधिक बोधप्रद वाटतो. संत मिखाएलपासून संत जॉर्जपर्यंत एका मापास फार तर एक फेनिग. संत जॉर्जपासून संत मिखाएलपर्यंत फार तर दोन. हिवाळ्याची ताजी बिअर स्वस्त, उन्हाळ्याची सांठविलेली महाग. साधुसंतांच्या नांवांनीं बाजारभाव ठरविणारा असा कायदा आज कोणी केला तर त्यास हंसतील. पण त्या काळच्या शेतकऱ्यास महिन्यांच्या तारखांपेक्षां सणांच्या तिथी जास्त पाठ होत्या.

संत मिखाएलचा दिवस निवडण्यांतही शेताचा हिशोब होता. जव कापून झालेला असे. हॉपचीं फुलें ऑगस्टच्या अखेरीस व सप्टेंबरांत तोडून वाळविलेलीं असत. रात्री गार होऊं लागत. म्हणजे धान्य, फूल आणि थंडी ह्या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यांत दाराशीं येत.

इंग्लंडांतही मोठ्या वाड्यांतून ऑक्टोबर महिन्यांत घरची तेजस्वी बिअर केली जाई. ती 'ऑक्टोबर' ह्याच नांवानें ओळखली जाई, आणि वर्षवर्ष, कधीं त्याहूनही अधिक, पिंपांत मुरूं देत. आपल्या देशाचा तिच्याशीं एक खराखुरा संबंध आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसन नांवाच्या कारखानदाराची ह्याच जातीची फिकट रंगाची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानांत येऊं लागली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या त्या प्रवासास महिनेच्या महिने लागत, विषुववृत्त दोनदां ओलांडावें लागे, आणि तळघरांत मुरावयाची ती बिअर जहाजाच्या पोटांत हेलकावे खात मुरे. आजही जगभर 'इंडिया पेल एल' ह्या नांवानें जी बिअर विकली जाते तिचें मूळ हें.

आतां सर्व संतांचा सण आणि नाताळ. ह्या सणांसाठीं आपणांस पार उत्तरेस, नॉर्वे देशांत जावें लागेल. तो देश कॅथलिक होता त्या काळीं पश्चिम किनाऱ्यावर गुलाटिंग नांवाचा कायदा चाले. त्यांत शेतकऱ्यावर असें बंधन होतें, कीं त्यानें सर्व संतांच्या सणाआधीं व पुन्हां नाताळासाठीं घरीं बिअर करावी. एकट्यानें नव्हे, तर किमान तीन कुटुंबांनीं मिळून. नाताळच्या रात्रीं त्या बिअरवर आशीर्वाद मागावयाचा, ख्रिस्ताचे व पवित्र मारियेचे आभार मानावयाचे, आणि चांगलें वर्ष व शांति ह्यांसाठीं प्रार्थना करावयाची. जो हें करणार नाहीं त्यानें महागुरूस दंड द्यावा. आणि लागोपाठ तीन हिवाळे ज्यानें हें टाळलें त्याची मालमत्ता जप्त व्हावी, प्रायश्चित्त घेण्यास तो तयार नसेल तर त्यास देश सोडावा लागावा! बिअर केली म्हणून शिक्षा झाल्याचे दाखले आपल्याकडे हवे तितके मिळतील; न केल्याबद्दल हद्दपारी सांगणारा कायदा आम्हीं तरी दुसरीकडे पाहिलेला नाहीं. पण विचार करा. लांब अंधाऱ्या हिवाळ्यांत डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या तीन घरांनीं निदान एकदां एकत्र यावें, धान्य एकत्र करावें, आणि एका भांड्याभोंवतीं बसून शांतीची प्रार्थना करावी, ह्याहून मोठें सामाजिक बंधन कोणतें?

ह्या भागांतील खमीर ही तर स्वतंत्र कथा आहे. तेथील शेतकरी त्यास 'क्वाइक' म्हणतात. बिअरचें काम आटोपलें कीं खमिरांत लांकडी कडें किंवा खांचा पाडलेलें ओंडकें बुडवून वाळवावयाचें आणि पुढच्या खेपेपर्यंत टांगून ठेवावयाचें. सहा महिन्यांनीं तें कडें गोड पाण्यांत सोडलें कीं खमीर पुन्हां जिवंत. कोणाचें मेलें तर शेजाऱ्याकडून आणावयाचें, जसें आपल्याकडे विरजण आणतात. खमीर सोडतांना मोठ्यानें आरोळी ठोकण्याची चाल कांहीं खोऱ्यांत होती. आरोळी जितकी दमदार, तितकी बिअर जोरकस, अशी समजूत. शास्त्रज्ञांस आश्चर्य वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. हें खमीर तीस ते चाळीस अंशांच्या उष्णतेंत, म्हणजे जेथें इतर खमिरांची बिअर बिघडते तेथें, दोन-तीन दिवसांत स्वच्छ काम करून मोकळें होतें. बर्फाच्या देशांत उन्हाळ्याचें खमीर! शेतकऱ्याला घाई होती, थांबण्यास सवड नव्हती, म्हणून पिढ्यानुपिढ्या त्यानें ऊन पाण्यांत टिकणारें तेवढेंच खमीर राखिलें, असा ह्याचा उलगडा करतात.

राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंतच्या चाळीस दिवसांच्या बिअरविषयीं आपण सर्वांत उत्सुक असाल. म्युनिक शहराबाहेर, औ नांवाच्या वस्तींत, संत फ्रान्सिस पावला ह्यांच्या संघाचे मठवासी राहत. ह्या संघाचा चौथा व्रतनियम असा, कीं मांस, अंडें, दूध, लोणी, चीज ह्यांतलें कांहीं कधींच खावयाचें नाहीं. त्यांचा उपासकाळ बाराही महिन्यांचा. पेयानें उपास मोडत नाहीं, असा जुना संकेत होता. तेव्हां हे मठवासी स्वतःसाठीं गडद, गोडसर, माल्टनें भरलेली बिअर करीत. तिच्यांतील बरीच साखर खमीर खाऊन संपवीत नसे, म्हणून ती पोटास आधार देई. लोक तिला प्यावयाची भाकर म्हणत. सतराव्या शतकांत ती शेजाऱ्यापाजाऱ्यांतही प्रसिद्ध झाली, आणि १७७३-७४ च्या सुमारास मठांत आलेल्या ब्रदर बार्नाबस ह्यांनीं तिची कृति अशी बसविली कीं 'साल्वातोर', म्हणजे तारणारा, ह्या नांवाची ती बिअर आजही उपासकाळांतच म्युनिकांत मोठ्या समारंभानें फोडली जाते. मठ मात्र १७९९ सालीं सरकारनें बंद केला.

ह्या बिअरविषयीं एक दंतकथा आहे. असल्या चविष्ट पेयानें उपास भ्रष्ट तर होत नाहीं ना, अशी शंका येऊन मठवासीयांनीं एक पिंप रोमला पोपमहाशयांकडे पाठविलें. आल्प्स ओलांडून व इटलीच्या उन्हांत तापून तें पोहोंचेपर्यंत पार आंबलें. पोपमहाशयांनीं एक घोट घेतला आणि निर्णय दिला, कीं हें पिणें हेंच मोठें प्रायश्चित्त आहे, खुशाल प्यावें. गोष्ट रचलेली आहे. रचणारा मात्र रसिक असला पाहिजे. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे, कीं ह्या प्रकारांत थोडीशी पळवाट होती हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. तरीही ज्यांनीं जन्मभर दुधाचा थेंब घेतला नाहीं, त्यांच्या वाडग्यांत जवाचें गोड पाणी पाहून त्यांस दोष देण्याचा अधिकार, शुक्रवारीं मांस वर्ज्य म्हणून पापलेटाचें कालवण मिटक्या मारीत खाणाऱ्या आपल्यासारख्यांस खचितच नाहीं.

मार्च महिना उजाडला कीं बव्हेरियांतील घरोघर व मठोमठ गडबड उडे. संत जॉर्जनंतर भट्टी विझणार. मग संपूर्ण उन्हाळा जी पुरवावयाची ती आतांच केली पाहिजे. ही मार्चची बिअर अधिक दाट करीत, तींत हॉपचीं फुलेंही अधिक घालीत, आणि ती खोल तळघरांत ठेवीत. हिवाळ्यांत तळ्यांवरचा बर्फ करवतीनें कापून आणून तळघरांत रचीत. म्युनिकांत इसार नदीच्या कांठीं अशीं तळघरें खणून त्यांवर खडी पसरीत आणि रुंद पानांचे चेस्टनटचे वृक्ष लावीत, म्हणजे सावलीनें जमीन थंड राही. त्या सावलींत लोक येऊन बसूं लागले, तळघरवाले पेला भरून देऊं लागले, आणि शहरांतील खाणावळवाल्यांनीं राजाकडे गाऱ्हाणें नेलें. १८१२ च्या जानेवारींत राजा माक्सिमिलियन ह्यानें तोड काढली: तळघरवाल्यानें बिअर व भाकर द्यावी, दुसरें अन्न देऊं नये. लोक घरूनच डबा नेऊं लागले. म्युनिकच्या जुन्या बिअर-बागांतून आजही घरचें अन्न घेऊन बसण्याची मुभा आहे. बर्फासाठीं खणलेल्या खड्ड्यांतून अशी एक सार्वजनिक बाग निपजली!

पेंटेकॉस्टच्या सणाशीं आपल्यासारख्या धर्मग्रामांचा अगदीं जवळचा संबंध आहे. सोळाव्या शतकांतील धर्मभेदापूर्वीं इंग्लंडांतील खेड्यांतून 'चर्च-एल' नांवाचा उत्सव भरे. देवळाचे विश्वस्त घरोघर फिरून माल्ट गोळा करीत, देवळालगत बांधलेल्या एका घरांत त्याची बिअर केली जाई, आणि पेंटेकॉस्टच्या दिवसांत सारा गांव येऊन ती विकत घेई. नाच, खेळ, धनुर्विद्या, जेवणें. जमलेला पैसा छपराच्या डागडुजीस, घंटेस, मेणबत्त्यांस. जुन्या हिशोबवह्यांत ह्या नोंदी जशाच्या तशा आहेत. कित्येक धर्मग्रामांचें वर्षाचें सर्वांत मोठें उत्पन्न हेंच असे. डेव्हन व सॉमरसेट परगण्यांत असलीं देवळाजवळचीं घरें अजून उभीं आहेत. लग्नांतही वधूच्या नांवानें अशीच बिअर करीत, आणि 'ब्राइडल' ह्या इंग्रजी शब्दाच्या शेवटीं ती 'एल' अद्यापि लपलेली आहे. आपण आज देवळाच्या निधीसाठीं हाउजी आणि सोडत ठेवितों. त्यांनीं बिअर ठेविली.

परंतु एकच बाजू सांगणें न्यायाचें नव्हे. पेल्यावर पेला रिचविण्याची चढाओढ ज्यांत लागे अशा मेळ्यांविरुद्ध तेराव्या शतकांतच इंग्लंडांतील महागुरूंनीं आज्ञापत्रें काढलीं होतीं, आणि त्यांची जाहिरात देवळांत करण्यास धर्मगुरूंस मनाई केली होती. म्हणजे आपल्या मंडळांतील वडीलधाऱ्यांच्या आठ्यांस आठशें वर्षांची परंपरा आहे. ह्या दोन गोष्टी पवित्र सभेनें एकाच वेळीं सांभाळल्या. तिच्या रोमन विधिग्रंथांत बिअरवर आशीर्वाद मागण्याची स्वतंत्र प्रार्थना आहे. आणि दारूबाजीस ती पाप म्हणते. दोहोंमधली जी अरुंद वाट आहे तीच ह्या साऱ्या पंचांगानें आंखलेली होती.

उन्हाळ्याविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. बेल्जियमच्या एनो प्रांतांत शेतकरी थंडींत हलकी, कोरडी बिअर करून ठेवीत, व कापणीस आलेल्या मजुरांस ती उन्हांत पाण्याऐवजीं देत. तिला 'सेझाँ', म्हणजे हंगाम, हेंच नांव पडलें. इंग्लंडांत एकदां वापरलेल्या माल्टवर पुन्हां ऊन पाणी ओतून अगदीं पातळ बिअर काढीत, ती मुलेंमाणसें रोजच्या जेवणाबरोबर घेत. सणाची बिअर निराळी आणि शिवाराची निराळी, हा भेद सर्वत्र होता.

हें सारें मोडलें कसें? अठराशें सत्तरनंतरच्या दशकांत कार्ल फॉन लिंडे ह्यांनीं म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यासाठीं शीतयंत्र तयार केलें. १८८३ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत एमिल हान्सन ह्यांनीं खमिराची एकच पेशी वेगळी काढून तिचें शुद्ध बीं वाढविलें. यंत्रानें थंडी दिली, प्रयोगशाळेनें खमीर दिलें. मग सप्टेंबर काय आणि जून काय! बिअर स्वस्त झाली, स्वच्छ झाली, नासेनाशी झाली. हा लाभ मोठा आहे आणि त्याची थट्टा करणें कृतघ्नपणाचें होईल. पण तिथि गेली. ज्या पेयासाठीं सहा महिने वाट पाहावयाची, तें कोपऱ्यावरच्या दुकानांत रोज रात्रीं उभें राहिलें, आणि पगाराच्या दिवसाखेरीज त्यास दुसरा सण उरला नाहीं.

घरच्या बिअरवर त्याच सुमारास सरकारची दृष्टि गेली. विल्यम कॉबेट ह्यांनीं १८२१-२२ मध्यें मजुरांच्या संसारावर पुस्तक लिहून, चहावर पैसा उधळण्यापेक्षां घरीं बिअर करावी, असें कळकळीनें सांगितलें होतें. कारण जुन्या पिढीची ही कला माल्टवरील करामुळें तेव्हांच लोपूं लागली होती. १८८० सालीं माल्टवरील कर गेला, परंतु त्या जागीं घरीं बिअर करणाऱ्यास परवाना घेण्याचें बंधन आलें, तें १९६३ पर्यंत टिकलें. अमेरिकेंत दारूबंदी १९३३ सालीं उठली, तरी घरच्या बिअरला मुभा देण्याचें राहूनच गेलें. तो कायदा १९७८ च्या ऑक्टोबरांत झाला. त्याप्रमाणें दोन प्रौढ माणसांच्या कुटुंबास वर्षाकाठीं दोनशें गॅलन, म्हणजे सुमारें साडेसातशें लिटर, घरच्यापुरती बिअर करतां येते. विकतां येत नाहीं.

आणि मग एक मौजेची गोष्ट घडली. ज्यांच्या घरांत शीतपेटी आहे, उष्णतामापक आहे, पाहिजे तें खमीर पाकिटांत मिळतें, अशा ह्या हौशी मंडळींनीं आपणहून पुन्हां ऋतु पाळण्यास आरंभ केला. सप्टेंबरांत वेलीवरून तोडलेलीं ओलीं फुलें त्याच दिवशीं उकळत्या भांड्यांत घालावयाचीं. हें वर्षांतून एकदांच शक्य. ऑक्टोबरांत तेजस्वी बिअर करून पुढल्या नाताळापर्यंत ठेवावयाची. यंदाच्या नाताळासाठीं संत्र्याची साल, दालचिनी घालून दुसरी. जानेवारींत तळघर आपोआप गार असतें म्हणून तळाशीं बसणाऱ्या खमिराची. मार्चमध्यें मार्चची. मे-जूनमध्यें गव्हाची, जी तीन-चार आठवड्यांत ताजीच संपविली पाहिजे. आणि ऑगस्टच्या उकाड्यांत नॉर्वेचें तें क्वाइक, ज्यास उकाडाच मानवतो. एका खेपेस वीसेक लिटर. बाटल्या धुण्यांत एक संपूर्ण शनिवार. बाटलींत दर लिटरमागें सहाएक ग्रॅम साखर, म्हणजे दोन आठवड्यांत तींत बुडबुडे. ज्यानें हें केलें आहे तो पाहुण्यास पेला देतांना मापानें देतो. त्यास ठाऊक असतें, कीं पिंपांत किती उरली आहे आणि पुढची केव्हां होणार आहे.

हें नुसतें हौशी लोकांचें खूळ नव्हे, हें पटविण्यास एक ठिकाण सांगतों, जेथें जुनी पद्धति कधीं तुटलीच नाहीं. बव्हेरियाच्या ईशान्येस, बोहेमियाच्या सरहद्दीलगत, ओबरफाल्त्स नांवाचा गरीब, डोंगराळ आणि कट्टर कॅथलिक मुलूख आहे. तेथील विंडिशएशेनबाख, नॉयहाउस, फाल्केनबर्ग, मिटरटाइख, एस्लार्न ह्या गांवांत सार्वजनिक भट्टीघरें आहेत. बिअर करण्याचा हक्क तेथें माणसाचा नव्हे, घराचा आहे. घराच्या दस्तऐवजांत तो लिहिलेला असतो, आणि घर विकलें कीं हक्कही त्याबरोबर जातो. ज्या कुटुंबाची पाळी असेल तें भट्टीघरांत लांकडें पेटवून आपल्या माल्टचें गोड पाणी उकळतें, रात्रभर उघड्या रुंद भांड्यांत निववितें, आणि सकाळीं आपल्या घरच्या तळघरांत नेऊन त्यांत खमीर सोडतें. भट्टी एकच, पाणी एकच, तरी प्रत्येक तळघराची चव निराळी. कांहीं आठवड्यांनीं ती तयार झाली, कीं घरचीं माणसें आपली बैठकीची खोली झाडून बांकें मांडतात, घरचें डुकराचें मांस व भाकर काढतात, आणि रस्त्यावरच्या भिंतीस एका काठीवर सहा टोंकांचा तारा टांगतात. त्या ताऱ्यास व त्या बिअरला दोहोंसही 'त्सॉइगल' म्हणतात. सहा टोंकें म्हणजे अग्नि, वायु, जल आणि जव, हॉप, पाणी, असा अर्थ तेथें सांगतात. पाणी दोनदां मोजलें गेलें ह्याची कोणास खंत नाहीं. तारा दिसला कीं गांव आंत येतो. कामकरी, शिक्षक, धर्मगुरु एकाच बांकावर दाटीवाटीनें बसतात. पिंप संपलें कीं घरधनी काठी आंत घेतो, खोलींत पुन्हां घरचें सामान लावतो, आणि पुढच्या शुक्रवारीं कोणाचा तारा निघणार आहे, हें जातांना पाहुण्यांस सांगतो.